महाडचं तळं आणि आजीची बाव

आपल्या लिखाणात पाणी म्हटलं की महाड येतं. यायलाच पाहिजे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं प्याली. पण त्यानंतरची दहा वर्षं आपण घाईनं ओलांडतो. सवर्ण कोर्टात गेले होते. तिथं त्यांचं म्हणणं काय? वहिवाटीचं, विटाळाचं तर होतंच. सोबत हेही होतं की तळं खाजगी आहे. भोवतीची घरं आमची, जागा आमची, म्हणून पाणी आमचं. हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला निकाल लागला. बाबासाहेब जिंकले. वरून धर्माचं दिसणारं भांडण आत जमिनीच्या मालकीचंही होतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता दुसरी गोष्ट. पाळीवरून सुटल्यावर रद्दीवाल्याकडं मला कायद्याचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात इंग्लंडातल्या एका सूतगिरणीवाल्याचा खटला होता. गिरणी म्हटल्यावर मी थांबलो. लँकेशायरचा हा मालक. गिरणीसाठी त्यानं विहीर खणलेली. पुढं जवळच कोळशाच्या खाणी निघाल्या आणि विहीर आटली. मालक कोर्टात गेला. १८४३ ला निकाल झाला : ज्याची जमीन त्यानं खाली वाटेल तेवढं खणावं, शेजाऱ्याचं पाणी गेलं तर ते नुकसान खरं, पण त्यावर दाद नाही. अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल म्हणून हा खटला वकिलांना पाठ असतो. त्या गावातल्या गिरणीकामगारांच्या आणि खाणकामगारांच्या बायका पाणी कुठून भरत होत्या, हे मात्र पुस्तकात नाही. मालकाची विहीर होती म्हणून तिचा इतिहास झाला.

हाच निकाल जहाजात बसून इकडं आला. १८८२ चा इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट. सातव्या कलमाखाली उदाहरणं दिलीत, त्यातलं एक सांगतं की ठरलेल्या प्रवाहानं न वाहणारं, जमिनीच्या पोटातलं पाणी गोळा करायचा आणि त्याची वाट लावायची मालकाला मुभा आहे. १८९१ ला हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. म्हणजे मालवण-वेंगुर्ल्यालाही.

मनूनं पाण्याला जात लावली. साहेबानं पाण्याला सातबारा लावला. आम्ही दोन्हीकडून बाहेर.

आता आपला मुलूख बघा. वर जांभ्याचा सडा. पावसाचं पाणी जांभा पितो आणि उन्हाळाभर खाली झऱ्यांनी सोडतो. त्यावर व्हाळ, व्हाळावर पाट, पाटावर माड-पोफळी. वेंगुर्ल्याच्या रेडीला, दोडामार्गच्या कळण्याला लोखंडाची माती ह्याच जांभ्याखाली असते. भुसभुशीत माती, पाणी धरून ठेवणारी. म्हणजे खाणवाल्याला जे पाहिजे तेच आमचं टाकं. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पाणी आत येतं. पंप लावून उपसल्याशिवाय खाली जाता येत नाही. पंप रात्रंदिवस चालतो आणि आजूबाजूच्या विहिरी त्याच्याकडं ओढल्या जातात. पलीकडं गोव्यात डिचोलीच्या शिरगावला हेच झालं. विहिरी, झरे सुकले, गावकरी हायकोर्टात गेले. ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टानं गोव्यातल्या खाणी थांबवल्या. त्याआधी २०११ ला माधव गाडगीळांच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यात सिंधुदुर्गातल्या खाणींवरही लिहिलंय. तो दाबून ठेवायची सरकारला किती घाई होती, ते सगळ्यांनी बघितलं.

१९७६ ला रेडीला खाणीच्या जागेत गणपतीची मूर्ती सापडली. देऊळ झालं, जत्रा भरते. देव निघाला ते साल लहान पोरही सांगतं. झरा गेला त्याचं साल विचारा बघू कुणाला.

कळण्याला तर पाणी उलटं फिरलं. जुलै २०२१ च्या पावसात खाणीत साचलेलं पाणी बांध फोडून गावात घुसलं, घरात, शेतात चिखल. अशा वेळी शेतीचा पंचनामा सातबारा बघून होतो. ज्याच्या नावावर शेतच नाही, दुसऱ्याच्या बागेत जो रोजानं जातो, त्याचा बुडालेला रोज कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि बाव आटली तर? बागायतदार बोअर मारतो, टँकर आणतो. वाडीतली बाई कळशी घेऊन लांब जाते.

बाबासाहेबांना हे कळत होतं. मार्च १९३७ ला पाण्याचा निकाल लागला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी विधिमंडळात खोती मोडण्याचं बिल मांडलं. पाण्यामागोमाग जमीन. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. खोत कागदावर गेला. पण सड्याचा पट्टा आज ज्याला मिळतो तो खोतापेक्षा खोल जातो, खोताला निदान पंप नव्हता.

भूजलाचा नवा कायदाही आहे, २००९ चा, लागू झाला २०१४ ला. विहिरीवर, बोअरवर त्याचा डोळा. खाणीचा खड्डा ही विहीर का, ह्यावर वकिलांनी भांडावं. पाणी निकालाची वाट बघत नाही.

माझी आजी अशाच एका खाणीच्या पायथ्याला राहते. गावाचं नाव घालत नाही, तिला तिथंच राहायचंय. तरणी असताना गावच्या बावीवर तिच्या कळशीत वरून पाणी ओतायचे. आता बाव सगळ्यांची आहे, ग्रामपंचायतीनं पाटीसुद्धा लावलीय. आजी म्हणते, ''आदी म्हणी हात लावू नको. आता म्हणतत घे गो. घेव काय, चिखल?''

वाचणाऱ्यांपैकी ज्याला आपल्या वाडीतली बाव किंवा झरा कधी आटला हे ठाऊक असेल, त्यानं ते लिहून ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवावं. साल, महिना, बाव किती हात खोल होती आणि तेव्हा जवळ कुठं खणत होते. म्हाताऱ्यांना विचारा, लवकर विचारा. अक्षर वाकडं असलं तरी चालेल.