माइलेज रन

माइलेज रन : कुठे पोचायचे नसताना, केवळ विमान कंपनीच्या खात्यावर माइल्स जमा व्हावेत किंवा पुढच्या वर्षासाठी वरचा दर्जा मिळावा म्हणून केलेला लांबचा विमानप्रवास. असा प्रवासी पहाटे निघतो, दोन-तीन विमाने बदलतो, मुक्कामाच्या विमानतळावर तास-दोन तास काढतो आणि पुष्कळदा आला त्याच विमानाने परत फिरतो. ज्या शहरात तो उतरतो ते तो पाहतही नाही. हा प्रकार अमेरिकेत जन्मला आणि १९९० व २००० च्या दशकांत तिथेच भरात होता. त्याची वेगळी रूपे जपानमध्ये आणि ब्रिटनमध्ये रुजली.

मराठीत ‘मैल’ आणि ‘माइल’ असे दोन शब्द हाताशी आहेत, आणि हा विषय समजून घ्यायला त्यांतला फरक फार कामाचा आहे. मैल म्हणजे अंतर, सुमारे १.६ किलोमीटर. माइल म्हणजे विमान कंपनीने प्रवाशाच्या खात्यावर मांडलेले नाणे. सुरुवातीला एक मैल उडाले की एक माइल मिळे. माइलेज रन हा प्रकार त्या साध्या समीकरणावर उभा राहिला आणि ते मोडल्यावर ओसरला.

१९७८ पर्यंत अमेरिकेत कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर किती भाडे घ्यायचे हे सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षीच्या कायद्याने हे नियंत्रण उठले, कंपन्या एकमेकींच्या मार्गांवर उतरल्या आणि भाड्यांची लढाई सुरू झाली. नेहमीचे गिऱ्हाईक चार डॉलरच्या फरकासाठी दुसरीकडे जाऊ लागले. ते बांधून ठेवायचे तर आधी ते कोण हे कळायला हवे. अमेरिकन एअरलाइन्सकडे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण यंत्रणा होती. तिच्यातल्या नोंदींवरून वारंवार उडणारी माणसे हुडकून काढून कंपनीने १ मे १९८१ रोजी ‘ए-ॲडव्हांटेज’ ही योजना जाहीर केली. आठवड्याच्या आत युनायटेडची योजना आली आणि वर्ष संपण्यापूर्वी डेल्टाचीही. अमुक इतके माइल्स साठले की फुकट तिकीट, असा आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा व्यवहार होता.

मेख मात्र दुसरीकडेच होती. तिकिटाची किंमत अंतरावर ठरत नाही. ती मागणीवर, स्पर्धेवर, आठवड्याच्या वारावर ठरते. थेट विमानाला घाईतला व्यावसायिक जास्त पैसे मोजतो. वळसा घालून जाणारे, मधे विमान बदलावे लागणारे तिकीट पर्यटकाला स्वस्तात द्यावे लागते. माइल्स मात्र विमानतळापासून विमानतळापर्यंतचे अंतर मोजून मिळत. म्हणजे कंपनी कमी पैसे घेत होती तिथेच प्रवासी जास्त मैल उडत होता. भाडे एका मापाने आणि बक्षीस दुसऱ्या मापाने मोजले जात होते, आणि या दोन मापांमधली फट ज्यांनी नीट पाहिली ते पहिले माइलेज रनर.

हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस थेट अंतर सुमारे २,४७५ मैल, जाऊन-येऊन ४,९५०. तिकीट २४० डॉलरना मिळाले असे धरले, तर एका माइलला जवळजवळ पाच सेंट पडतात. त्याच पैशांत मायामीमार्गे तिकीट मिळाले तर न्यूयॉर्क–मायामी सुमारे १,०९० आणि मायामी–लॉस एंजेलिस सुमारे २,३४० मैल; दोन्ही बाजू मिळून ६,८६०. आता माइलला साडेतीन सेंट. प्रवासी आधीच सर्वोच्च दर्जाचा असेल तर त्याला शंभर टक्के बोनस, म्हणजे खात्यावर १३,७२० माइल्स. उत्तरेकडून पश्चिमेला जायला आधी थेट दक्षिणेचे टोक गाठायचे, हा शब्दशः द्राविडी प्राणायाम, आणि तोच या लोकांना हवा असे. माइलला किती सेंट पडले, हे त्यांचे एकमेव मोजमाप. तीन-चार सेंटांच्या खाली आले की तिकीट घेण्याजोगे.

फुकट तिकीट हे मात्र दुय्यम आकर्षण होते. खरी ओढ दर्जाची. अमेरिकी कंपन्यांत वर्षाला २५,००० मैल उडणाऱ्यापासून पायऱ्या सुरू होत. युनायटेडचा ‘वन के’ हा दर्जा १,००,००० मैलांना मिळे. या दर्जामुळे वरच्या वर्गात मोफत बढती मिळे, सामानाचे पैसे लागत नसत, फोन केला की माणूस चटकन बोले, आणि हिमवादळात विमान रद्द झाले तर पुढच्या विमानात नाव आधी लागे. नोकरीसाठी दर आठवड्याला उडणाऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा लाभ सोन्याच्या मोलाचा. मोजणी मात्र ३१ डिसेंबरला संपे आणि १ जानेवारीला सगळ्यांची पाटी कोरी होई. त्यामुळे ९६,००० वर अडकलेला माणूस नोव्हेंबरात नकाशे काढून बसायचा. चार हजार मैल कमी पडले तर वर्षभराची मिळकत खालच्या पायरीवर घसरणार, तेव्हा एक शनिवार-रविवार आणि दोनेकशे डॉलर घालणे त्याला शहाणपणाचे वाटे. ते होतेही.

अशा धावेचे सामान मोजके असे : पाठीवरची एक पिशवी, मानेची उशी, चार्जर, बदलायचा एक सदरा. सामान चेक-इन करायचे नाही, कारण परतीचे विमान चुकले तर सारा डाव फसतो. बोर्डिंग पासचा तुकडा खात्यावर माइल्स दिसेपर्यंत फेकायचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून सिंगापूरला जाऊन-येऊन सुमारे १७,००० मैल होतात. तिथे चांगी विमानतळावर उतरून, तोंड धुऊन, काही खाऊन परतीच्या रांगेत उभे राहणारे लोक होते. छोट्या फेऱ्यांमध्ये उतारू उतरल्यावर पाऊण तासाने तोच माणूस पुन्हा त्याच दारातून आत येतो तेव्हा विमानातले कर्मचारी चमकतात. काही विसरलात का, असा प्रश्न त्यांच्याकडून हमखास येतो. तासन्तास बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा आहे, म्हणून जाणकार कडेची जागा धरतात, पाणी पितात आणि मधल्या वाटेवर येरझारा घालतात.

अंतराऐवजी फेऱ्या मोजणारे वेगळे. काही योजनांत दर उड्डाणाला किमान ५०० माइल्स मिळत, मग मार्ग शंभर मैलांचा का असेना. त्यामुळे दिवसभरात लहान-लहान चार-सहा उड्डाणे गाठण्याची कला निघाली. युनायटेडचे होनोलुलू ते गुआम हे ‘आयलंड हॉपर’ विमान या मंडळींचे लाडके. पॅसिफिकमधल्या माजुरो, क्वाजालीन, कोसराए, पोनपेई, चूक या बेटांवर ते एसटीसारखे थांबत जाते.

कंपन्यांनी स्वतःच फट रुंद केली असेही अनेकदा घडले. २००० साली ‘लॅटिनपास’ या लॅटिन अमेरिकी कंपन्यांच्या संयुक्त योजनेने, ठरलेल्या सर्व कंपन्यांच्या विमानांतून प्रवास आणि बाकी अटी पूर्ण करणाऱ्याला दहा लाख माइल्स देऊ केले. लोकांनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या विमानतळांची साखळी आखून ते खरोखर मिळवले.

याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर विमानात न बसता घडली, तरी या परंपरेत तिचे स्थान पहिल्या ओळीत आहे. कॅलिफोर्नियातले अभियंते डेव्हिड फिलिप्स यांनी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची जाहिरात बारकाईने वाचली. वेष्टनावरचे दहा बारकोड पाठवले की ५०० माइल्स, आणि मे महिन्यापर्यंत पाठवले तर दुप्पट. दुकानात पुडिंगचा एक कप २५ सेंटांना मिळत होता. त्यांनी सुमारे ३,१४० डॉलर खर्चून १२,१५० कप घेतले. एवढी वेष्टने सोलायची कोणी? त्यांनी पुडिंग ‘साल्व्हेशन आर्मी’ या धर्मादाय संस्थेला दिले, तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड काढून दिले, आणि दानाबद्दल करसवलतही मिळाली. खात्यावर साडेबारा लाख माइल्स आले. २००२ च्या ‘पंच-ड्रंक लव्ह’ या चित्रपटातले पुडिंग इथून आले. फिलिप्स यांनी कोणाला फसवले नाही. छापलेले वाक्य त्यांनी कंपनीपेक्षा नीट वाचले, एवढेच. माइलेज रनरविषयी आदर वाटावा तो याच गुणासाठी.

टॉम स्टुकर यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. न्यू जर्सीच्या या व्यावसायिकाने १९९० मध्ये युनायटेडचा तहहयात पास २,९०,००० डॉलरना घेतला आणि एकट्या २०१९ मध्ये ३७३ उड्डाणे करून चौदा लाखांवर मैल कापले. पण त्यांची गणना काटेकोरपणे या वर्गात होत नाही : पास आधीच हातात असल्याने त्यांना तिकिटागणिक पैशांचा हिशेब करावा लागत नव्हता.

कंपनी सदस्याला मनाला येईल तेव्हा योजनेतून काढू शकते का, हा प्रश्न न्यायालयातही गेला. सतत तक्रारी करतो म्हणून नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये रब्बी बिन्यामिन गिन्सबर्ग यांचे सदस्यत्व काढून घेतले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गिन्सबर्ग यांच्या दाव्याच्या आड १९७८ चा तोच कायदा येत होता. ज्या कायद्याने भाडी मोकळी केली, त्यानेच अशा सदस्याची वाट अडवली.

मग माप बदलले. साउथवेस्टने २०११ मध्येच बक्षीस भाड्याशी जोडले होते. डेल्टाने १ जानेवारी २०१५ पासून, युनायटेडने त्याच वर्षी १ मार्चपासून आणि अमेरिकनने १ ऑगस्ट २०१६ पासून माइल्स मैलांवर देणे बंद केले. त्याऐवजी डॉलरमागे दर्जानुसार ५ ते ११ माइल्स मिळू लागले. वरच्या उदाहरणातल्या मायामीमार्गे फेरीला १३,७२० ऐवजी, कर वजा करण्याआधीच, फार तर २,६४० मिळतील. वळशाला काही मोल उरले नाही. दर्जाचेही तसेच झाले : मार्च २०२२ पासून अमेरिकनकडे क्रेडिट कार्डावर किराणा घेतला तरी दर्जाचे गुण मिळतात, आणि २०२४ पासून डेल्टा दर्जासाठी फक्त डॉलर मोजते.

यामागचे कारण बँकांत आहे. कंपन्या कार्ड देणाऱ्या बँकांना माइल्स घाऊक विकतात; डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेसकडून २०२३ मध्ये सुमारे सात अब्ज डॉलर आले. कोविडच्या काळात विमाने जमिनीवर असताना युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. नाणे पाडून विकणे हाच धंदा झाल्यावर ते कमी पैशांत गोळा करणारा प्रवासी कंपनीला नकोसा होणे ओघानेच आले.

भारतात माइलेज रन फारसा फोफावला नाही. अंतरे लहान, आणि माइल्सची मुख्य आवक कार्डांतूनच. तरी जुलै २०१४ मध्ये एअर इंडिया ‘स्टार अलायन्स’मध्ये गेल्यावर वर्षअखेरीस दर्जासाठी एखादी जादा फेरी मारणारे इथेही होते. २०२४ मध्ये तिची योजनाही खर्चावर आली. ‘महाराजा क्लब’ हे तिचे आताचे नाव. मुंबईच्या जेट एअरवेजची कथा अधिक बोधक : १७ एप्रिल २०१९ ला विमाने थांबली, पण योजना वेगळ्या कंपनीची असल्याने खात्यावरचे माइल्स ‘इंटरमाइल्स’ नावाने टिकले. दर्जाला मात्र अर्थ उरला नाही. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना अंतराचे महत्त्व वेगळ्या रीतीने कळलेले. २००७ मध्ये सुरू झालेल्या नेवार्क–मुंबई थेट विमानाचे अंतर सुमारे ७,८०० मैल. आजी-आजोबांना भेटायला आलेल्या चौघांचे जाऊन-येऊन ६२,००० होत. ही धाव नव्हे, घरची ओढ. पण पोरांच्या नावाने खाती उघडायला कोणी विसरत नसे.

जपानमध्ये या प्रवासाला ‘शुग्यो’ म्हणतात, म्हणजे बौद्ध भिक्षूची खडतर साधना, आणि प्रवाशाला साधक. एका वर्षात ५०,००० गुण मिळवले की ‘आना’ या विमान कंपनीचे ‘सुपर फ्लायर्स कार्ड’ मागता येते, आणि कार्डाचे शुल्क भरत राहिले तर दर्जा टिकतो. म्हणून टोकियोच्या हानेदाहून ओकिनावातल्या नाहाला त्याच दिवशी जाऊन-येऊन करणारे साधक वर्षभर दिसतात. जपान एअरलाइन्सने जानेवारी २०२४ पासून आपल्याकडची अशी एका वर्षाची वाट बंद करून आयुष्यभराचे गुण मोजणे सुरू केले. ब्रिटिश एअरवेजमध्ये १,१५१ मैलांपलीकडच्या बिझनेस फेरीला दुप्पट गुण असल्याने लंडनकर बल्गेरियाच्या सोफियाला धावत. १ एप्रिल २०२५ ला तेही पौंडांवर गेले.

या छंदाचा एक भार दुसऱ्यांवर पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. विमान तर उडणारच होते, हा युक्तिवाद अपुरा पडतो, कारण भरलेल्या खुर्च्या पाहूनच कंपनी पुढचे वेळापत्रक आखते. ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी २०१९ मध्ये तयार झालेल्या अहवालात, गरजेपेक्षा जास्त उडायला लावणाऱ्या अशा योजनांवर बंदी सुचवली होती.

अमेरिकेत अंतराचे माप बराच काळ टिकवले ते अलास्का एअरलाइन्सने. तिने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ॲटमॉस रिवॉर्ड्स’ ही नवी योजना जाहीर केली. तीत २०२६ पासून सदस्याने स्वतःच ठरवायचे आहे, की आपले गुण भाड्यावर मोजावेत, फेऱ्यांवर मोजावेत, की उडालेल्या मैलांवर.