अकोल्याचा खटला आणि घरातला शेवटचा हिशेब

जानेवारी उजाडला की आयटी कंपन्यांत एक ठरलेला सीझन सुरू होतो. एचआरचा मेल येतो, "गुंतवणुकीचे पुरावे जमा करा", आणि पुढचे दोन आठवडे कॅन्टीनमध्ये क्रिकेट बंद, टॅक्स चालू. या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेतून ऑनसाइट करून आलेला कुणीतरी सांगतो, तिकडे नवरा-बायको मिळून एकच रिटर्न भरतात, बायको घरी असेल तर चिक्कार कर वाचतो. यूकेवाला सांगतो, तिकडे २०१५ पासून कमी कमावणारा जोडीदार आपल्या करमाफीच्या मर्यादेतला थोडा हिस्सा दुसऱ्याला देऊ शकतो. मग नुकतंच लग्न झालेला एखादा उसासा टाकतो, "आपल्याकडे का नाही रे असं?"

त्याचा उसासा किती रुपयांचा आहे ते आधी बघू. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे नव्या पद्धतीचे दर घ्या. एका घरात नवरा-बायको दोघांचं करपात्र उत्पन्न प्रत्येकी १२ लाख आहे. दोघांचा मिळून कर शून्य. शेजारच्या घरात एकटा नवरा २४ लाख कमावतो, बायको घर सांभाळते. त्याचा कर सेस धरून ३ लाख १२ हजार. दोन्ही घरांत पैसा तेवढाच येतो. म्हणजे आपल्या कायद्याला घर दिसत नाही, फक्त माणूस दिसतो.

पण थांबा. कायद्याला घर दिसतच नाही असंही नाही. त्याला ते सोयीप्रमाणे दिसतं. आणि ही सोय कशी ठरत गेली, त्याच्या इतिहासात आमच्या वऱ्हाडातल्या एका खटल्याला मोठी जागा आहे.

मी मूळचा चांदूर बाजारचा. (चांदूर रेल्वे वेगळं, बरं का. दोन्ही अमरावती जिल्ह्यातच.) आमच्याकडे आयकर हा तसा मोजक्या लोकांचा विषय. शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून बाहेर, त्यामुळे संत्र्याच्या बागेवर आयकर नाही. कर भरायचा तो मास्तरांनी, सरकारी नोकरांनी आणि दुकानदार, अडते अशा व्यापारी मंडळींनी. आणि व्यापाऱ्याच्या घरात एक सल्ला पिढ्यानपिढ्या फिरतो : "कागदावर नाव टाकून दे नं वहिनीचं, टॅक्स कमी बसते."

गणित सोपं आहे. उत्पन्न वाढतं तसा कराचा दर चढतो. दहा रुपये एकाच्या नावावर असले तर वरचे रुपये वरच्या दरात जातात. तेच दहा रुपये नवरा, बायको आणि दोन पोरांच्या नावावर वाटले तर सगळेच खालच्या दरात राहतात. म्हणून दुकानाची भागीदारी करायची, बायकोला भागीदार दाखवायचं आणि अज्ञान मुलांना भागीदारीचा फायदा द्यायचा. दुकान तेच, गल्ला तोच, चावी नवऱ्याच्या कमरेलाच.

ही युक्ती काही एकट्या वऱ्हाडाची नव्हती. देशभर एवढी चालायची की १९३६ च्या आयकर चौकशी अहवालात अशा नावापुरत्या भागीदाऱ्यांवर बोट ठेवलं गेलं. त्यावरून १९३७ मध्ये १९२२ च्या आयकर कायद्यात दुरुस्ती झाली, कलम १६(३). बायको नवऱ्याच्या फर्ममध्ये भागीदार असेल तर तिचा नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचा. अज्ञान मुलांचंही तसंच. नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता बायकोच्या नावावर केलेल्या मालमत्तेचं उत्पन्नही नवऱ्याचंच. आज ज्याला आपण 'क्लबिंग' म्हणतो त्याची ही सुरुवात.

आता एक योगायोग बघा. त्याच १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. मुंबईचे सर्जन आणि मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य डॉ. गो. वि. देशमुख यांनी तो रेटला, म्हणून त्याला 'देशमुख कायदा'च म्हणायचे. नवऱ्याच्या इस्टेटीत बाईला वाटा मिळाला, पण तो विधवा झाल्यावर, आणि तोही हयातीपुरता. म्हणजे एकाच वर्षी एक कायदा सांगतो की बायकोच्या नावावरचं उत्पन्न खरं तर नवऱ्याचं, आणि दुसरा सांगतो की नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा, पण तो गेल्यावर. तो जिवंत असताना तिचं काय, हे दोन्हीकडे कोरंच.

पुढची गंमत याहून भारी. कलमात शब्द होता 'कोणतीही व्यक्ती'. मग आई व्यापार करत असेल आणि तिची अज्ञान मुलं फर्ममध्ये असतील तर त्यांचं उत्पन्न आईच्या उत्पन्नात मिळवायचं का? १९५७ मध्ये सोद्रा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की नाही, या कलमापुरता 'व्यक्ती'चा अर्थ पुरुष. त्या आईचा कर वाचला हे चांगलंच झालं. पण कायद्याच्या नजरेत कमावणारी व्यक्ती कोण, हेही त्यात नकळत लिहिलं गेलं.

आणि मग येतो आमचा खटला. बालाजी विरुद्ध आयकर अधिकारी, विशेष तपास मंडळ, अकोला. निकाल १९६१ चा. करदाता आणि त्याची बायको फर्ममध्ये भागीदार, अज्ञान मुलांना भागीदारीचा फायदा दिलेला. अकोल्याच्या अधिकाऱ्याने कलम १६(३) लावून बायको-मुलांचा नफा त्याच्या उत्पन्नात मिळवला. करदाता थेट सर्वोच्च न्यायालयात. त्याचं म्हणणं साधं होतं. एकाच्या उत्पन्नाचा कर दुसऱ्याकडून घ्यायचा अधिकार विधिमंडळाला आहेच कुठे? शिवाय भागीदारी अनोळखी माणसाशी केली तर कर वेगळा आणि बायकोशी केली तर एकत्र, हा भेदभाव नाही का? समानतेच्या आणि व्यवसायाच्या मूलभूत हक्काचं काय?

प्रश्न चोख होता. न्यायालयाने तो फेटाळला. करचुकवेगिरी रोखणं हा कर लावण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, आणि चुकवायला सगळ्यात सोयीची माणसं घरातलीच असतात, म्हणून त्यांचा वेगळा वर्ग करणं वाजवी आहे. एवढं समजण्यासारखं आहे. पण निकालात आणखी एक मुद्दा आहे आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यायालय मान्य करतं की भागीदारी खरोखरची असेल तर नवऱ्यावर हा कर थोडा जड जाईल. पण बायको-मुलांच्या वाट्याचा हा जादा कर शेवटी त्यांच्या आपसातल्या हिशेबात त्यांच्याच वाट्याला जाईल, म्हणून फारसा अन्याय होत नाही.

आपसातला शेवटचा हिशेब! मंडळी, कुणाच्या घरात झाला हो तो? चांदूर बाजारातल्या कुठल्या दुकानाच्या वहीत दिवाळीच्या पाडव्याला नवऱ्याने बायकोच्या नावे जमा-खर्च मांडून "हा तुझा नफा, त्यातून एवढा कर वजा" असं सांगितलं असेल? कागदावर ती भागीदार, घरात ती घरधनीण आणि हिशेबात ती कुठेच नाही. व्यापाऱ्याने तिचं नाव वापरलं ते कर वाचवायला. सरकारने ते खोडलं ते कर वसूल करायला. तिचा खरा वाटा किती, हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडला नाही.

सवलतीचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असं मात्र नाही. १९५५ च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी (हे वेगळे देशमुख, आयसीएस म्हणून त्यांची सुरुवातीची नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडातच झाली होती) विवाहित आणि अविवाहितांची करमाफीची मर्यादा वेगळी केली. तोवर सगळ्यांना १,५०० रुपये होती. ती लग्न झालेल्याला २,००० आणि सड्याला १,०००. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यात मुलंही आली : विवाहिताला ३,०००, एक मूल असेल तर ३,३००, जास्त असतील तर ३,६००. १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम राबवणारं सरकारच हे करत होतं :-) पण सवलत जाणार कुणाकडे? कमावणाऱ्याकडे. बायको हा त्याच्यावरचा खर्च, म्हणून त्याला थोडी सूट. हळूहळू हे सगळं मोडीत निघालं. नंतर २००५-०६ पासून बायकांना वेगळी, जास्त मर्यादा मिळाली, ती २०१२-१३ मध्ये पुन्हा पुरुषांइतकीच झाली.

मग भारतात नवरा-बायकोत उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून कर लावतात असं ठिकाण आहे का? आहे, आणि आपल्या अगदी शेजारी. गोव्यात!

तिथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालत आला. त्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच दोघांची मालमत्ता सामाईक होते, प्रत्येकाचा हक्क निम्मा. स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांची संमती लागते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या एप्रिलपासून भारतीय आयकर तिथे लागू झाला. आता खात्याची पंचाईत. हे उत्पन्न नवऱ्याचं, दोघांचं, की दोघांनी मिळून बनलेल्या एखाद्या 'समूहा'चं? वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर १९९४ मध्ये कलम ५-अ आलं आणि ते १९६३ पासूनच लागू आहे असं धरलं गेलं. पगार ज्याचा त्याचा. बाकी घरभाडं, धंद्याचा नफा, व्याज, भांडवली नफा हे सगळं नवरा-बायकोत निम्मं-निम्मं, आणि दोघांनी आपापलं रिटर्न भरायचं.

म्हणजे ज्या वाटणीला अकोल्यात करचुकवेगिरीचा मार्ग मानलं, तीच पणजीत कायदेशीर. फरक कशाचा? सवलतीचा नव्हे, हक्काचा. गोव्यातल्या बायकोचा निम्मा वाटा आधी मालमत्तेत आहे, म्हणून तो करात आहे. वऱ्हाडातल्या बायकोचा वाटा फक्त कराच्या कागदावर होता, म्हणून तो पुसता आला. गोव्यातही कारभार बहुधा नवराच बघतो, तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण निदान शेवटचा हिशेब मागायचा झाला तर तिच्या बाजूने कायदा उभा आहे.

अमेरिकेतही असंच घडलं. तिकडच्या काही राज्यांत गोव्यासारखी दांपत्याची सामाईक मालमत्ता असते. १९३० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा राज्यांतल्या जोडप्यांना उत्पन्न निम्मं-निम्मं दाखवायला मान्यता दिली. मग बाकी राज्यांतली जोडपी ओरडू लागली आणि १९४८ मध्ये सगळ्या देशाला एकत्रित रिटर्नमधून तोच फायदा मिळाला. आपल्या ऑनसाइटवाल्या मित्राची बचत तिथून आली आहे. गंमत म्हणजे हक्क मोजक्या राज्यांपुरता राहिला, सवलत तेवढी देशभर पसरली.

आपल्याकडे २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेने, आयसीएआयने, जोडप्यांना एकत्र रिटर्नचा पर्याय द्यावा अशी सूचना केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. भागीदारीबद्दलचं ते अकोलावालं कलम मात्र १९९३ मध्येच गेलं, कारण तेव्हापासून कर फर्मवरच बसू लागला. बाकी क्लबिंग शाबूत आहे. बायकोला पैसे भेट दिले तर भेटीवर कर नाही, पण त्या पैशाच्या एफडीचं व्याज तुमच्याच उत्पन्नात येतं. उलट जुन्या पद्धतीत, घर दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर असेल, आणि दोघं खरोखर हप्ते भरत असतील, तर राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट दोघांनाही वेगवेगळी मिळते. इथेही तेच सूत्र बघा : आधी नाव आणि पैसा, मग सवलत.

म्हणून "आपल्याकडे का नाही?" विचारणाऱ्या मित्राला माझं एवढंच म्हणणं आहे. एकत्र रिटर्न जरूर मागावं, वरचे ३ लाख १२ हजार काही थोडे नाहीत. पण "बायको घर सांभाळते म्हणून माझा कर कमी करा" एवढंच मागितलं तर ती १९५५ चीच सवलत झाली, कमावणाऱ्याच्या खिशात जाणारी. "या २४ लाखांतले १२ तिचे आहेत" हे म्हणायची तयारी असेल तर वाटणीच्या मागणीला खरा आधार येतो. मग ते १२ फक्त रिटर्नमध्ये तिचे असून भागणार नाही, खात्यात आणि खरेदीखतावरही असायला हवेत.

हे शक्य नाही असं कुणी म्हणू नये. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली. हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे करात एक पैसा वाचणार नव्हता. सीलिंगच्या कायद्यात नवरा-बायको १९७५ पासून एकच कुटुंब धरले जात होते, त्यामुळे तिथेही फायदा नव्हता. फायदा फक्त तिचा होता. सातबाऱ्यावर तिचं नाव आलं आणि घरातल्या शेवटच्या हिशेबातली पहिली ओळ कुठेतरी लिहिली गेली.