पावसाचा कौल : भेंडवळचा घट आणि वेधशाळा

सातपुड्याची रांग आणि पूर्णा नदी यांच्या दरम्यान काळ्या मातीचा जो सपाट पट्टा पसरला आहे, त्यात बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद हा तालुका येतो. पूर्वी हा तालुका अकोला जिल्ह्यात मोडत असे. 1905 साली खामगावबरोबर तो बुलढाण्यास जोडला गेला. या तालुक्यातील भेंडवळ हे गाव एरवी कोणाच्या ध्यानात राहावे असे नाही. परंतु वर्षातून एक दिवस असा उगवतो की, विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा येथील शेतकरी या गावाची वाट धरतात. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. आणि त्यांना येथे खेचून आणणारी गोष्ट म्हणजे येत्या पावसाळ्याचे भाकीत सांगणारी घटमांडणी.

ही चाल सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी घालून दिली, असे परंपरा सांगते. त्यांच्या घराण्यातील पुरुषांनी ती पिढ्यान् पिढ्या चालविली आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात एक वर्तुळ आखतात. वर्तुळाच्या कडेने अठरा धान्ये मांडतात : गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, मसूर, लाख, अंबाडी, सरकी, भादली इत्यादी. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ही चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने होत. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, वडा, भजे असे पदार्थ, आणि खाली विड्याचे पान व सुपारी. घागर म्हणजे समुद्र, पुरी म्हणजे पृथ्वी, आणि पानसुपारी म्हणजे राजा व त्याची गादी. एवढी मांडणी झाली की सर्वजण तेथून निघून येतात. रात्रभर तेथे कोणी थांबावयाचे नाही. पहाटे जाऊन पाहावयाचे : कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, पान ढळले की स्थिर राहिले. ढेकळाच्या ओलाव्यावरून त्या त्या महिन्याचा पाऊस, धान्याच्या हालचालीवरून त्या त्या पिकाचे मान, भादलीवरून रोगराई, मसुरीवरून शत्रू, करडीवरून देशाचे संरक्षण आणि पानावरून राजसत्तेचे भवितव्य सांगितले जाते.

पावसाच्या प्रश्नाशी शत्रू आणि राजा यांची सांगड कशी पडली, असा प्रश्न शहरातील वाचकास पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर वऱ्हाडच्या इतिहासात शोधावे लागते. हा सुपीक मुलूख सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगलांकडे गेला. 1724 साली याच बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखान याचा पराभव केला, आणि दक्षिणेत निजामाचे राज्य स्थिर झाले. पुढे नागपूरकर भोसल्यांनी या प्रांताच्या वसुलात वाटा मिळविला व दुहेरी अंमलाचा काळ सुरू झाला. एकाच शेतातल्या धान्यावर दोन धन्यांचा डोळा! 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. अशा मुलखात पीक बुडविणाऱ्या गोष्टी दोन असत. एक आभाळ आणि दुसरी फौज. पाऊस चांगला झाला, पण उभ्या पिकातून घोडी गेली तर त्या पावसाचा उपयोग काय? म्हणून ज्या मांडणीत पाऊस, रोग, शत्रू आणि राजा एका रिंगणात बसले, ती मांडणी त्या काळच्या कुणब्याच्या चिंतांचा एक संपूर्ण तक्ताच होय, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

दिवसाची निवडही अशीच अर्थपूर्ण आहे. विदर्भ-खानदेशात अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरण्याची रीत आहे. याच सुमारास कित्येक गावांत शेतीचे नवे साल धरले जाई. सालदाराची बोली होई, सावकाराशी बोलणे होई, बियाण्याची तजवीज लागे. विदर्भात मोसमी पाऊस पोचावयास जूनचा मध्य उजाडतो. तेव्हा हाती महिना-दीड महिना असे, आणि काय पेरावे, किती पेरावे, कर्ज किती काढावे याचा निर्णय एक थेंबही पडण्यापूर्वी करावा लागे. भाकिताची गरज कुतूहलातून निर्माण झालेली नाही. ती या निर्णयाच्या ओझ्यातून निर्माण झाली आहे.

पावसाचा ठाव घेण्याची ही खटपट आपल्या देशात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस भांड्यात साठवून मोजण्याची व्यवस्था सांगितली आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमानही दिले आहे. कोरड्या जांगल प्रदेशास 16 द्रोण, अवंतीस 23 द्रोण. आणि अपरान्त म्हणजे कोकण, तेथील पाऊस मात्र 'अमित', मोजमापापलीकडचा! सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचे प्रकरण लिहिले. हिवाळ्यात आभाळास गर्भ राहतो व 195 दिवसांनी तो पावसाच्या रूपाने प्रसवतो, ही त्याची कल्पना. ती आज कोणी मानणार नाही. तथापि दैवज्ञाने रात्रंदिवस आकाशाकडे लक्ष ठेवावे, हा त्याचा आग्रह मोलाचा आहे. वारा, ढग, वीज, खळे यांची नोंद ठेवा आणि मग बोला, असे तो सांगतो. पुढील काळात ही निरीक्षणाची बाजू लंगडी पडली. पंचांगात मृगाचे वाहन बेडूक की म्हैस एवढेच उरले, आणि खेड्यात सहदेव-भाडळीची वचने राहिली.

आधुनिक वेधशास्त्र या देशात आले तेही संकटाच्या पाठोपाठ. 1864 साली कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले, 1866 साली ओरिसात दुष्काळ पडला; आणि 1875 साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड. 1876 ते 1878 च्या घोर दुष्काळानंतर सरकारने त्यांना विचारले की, पावसाची पूर्वसूचना देता येईल काय? हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात बर्फ फार पडले तर पुढचा मोसमी पाऊस उणा पडतो, असे ब्लॅनफोर्ड यांना आढळून आले होते. त्या आधारे काही वर्षे चाचपणी करून 1886 साली त्यांनी पावसाचा पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध केला. भेंडवळच्या शेतात चार ढेकळे भिजत होती, तेव्हा सिमल्यास हिमालयाच्या बर्फाचा हिशेब मांडला जात होता. प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी एकच होता.

नव्या शास्त्राची कसोटी लवकरच लागली. ब्लॅनफोर्ड यांच्यानंतर आलेले जॉन इलियट यांनी 1899 साली पाऊस चांगला होईल असा अंदाज वर्तविला. प्रत्यक्षात त्या वर्षी मोसमी वाऱ्यांनी दगा दिला आणि 1899-1900 चा तो दुष्काळ पडला, ज्यात वऱ्हाडसारखा काळ्या मातीचा, कापसाने संपन्न झालेला प्रांतही होरपळून निघाला. 1870 साली खामगावपर्यंत आगगाडी आली होती, कापसाच्या गाठी मुंबईस जात होत्या. पण नगदी पिकाखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या कणगीत धान्य किती राहिले होते? वर्तमानपत्रांनी हवामान खात्यावर टीकेची झोड उठविली, आणि पुढे काही वर्षे हे अंदाज गोपनीय ठेवण्याची वेळ आली.

येथे भेंडवळ आणि सिमला यांच्या वाटा खऱ्या अर्थाने निराळ्या होतात. चूक दोघांचीही होऊ शकते. प्रश्न चुकीचे पुढे काय केले जाते, हा आहे. इलियट यांच्या जागी 1904 साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर आले. त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे गोळा केले आणि कारकुनांच्या हातून अक्षरशः ढीगभर गणिते करवून घेतली. हेतू एवढाच की, कोणत्या खुणेचा आपल्या पावसाशी खरोखर संबंध आहे आणि कोणत्या खुणेचा केवळ भास होतो, हे निवडून काढावे. त्या परिश्रमातून त्यांना असे दिसले की, प्रशांत महासागरावरील आणि हिंदी महासागरावरील हवेचा दाब तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे वरखाली होतो. त्यास त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळी ज्या उष्ण प्रवाहास एल निनो म्हणत, त्याचा या आंदोलनाशी असलेला संबंध 1960 नंतरच्या दशकात जेकब ब्यर्कनेस यांनी उलगडला. बुलढाण्याच्या ज्वारीचे नशीब हजारो कोस दूर असलेल्या समुद्राच्या उष्णतेशी बांधलेले आहे, हे तेव्हा कळून आले. भेंडवळच्या मांडणीतही घागर समुद्राचीच आहे. पण त्या घागरीतला समुद्र मोजलेला नव्हता, हा भेद विसरून चालणार नाही.

1928 साली हवामान खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील त्या इमारतीस लोक अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. 1932 साली तेथे डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानाची शाखा निघाली, आणि 1945 पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची खास वार्तापत्रे नभोवाणीवरून देशी भाषांत जाऊ लागली. 16 जुलै 1948 रोजी नागपूरचे केंद्र सुरू झाल्यावर विदर्भाच्या खेड्यासही आपल्या बोलीचा आवाज मिळाला. चावडीवरच्या रेडिओपुढे बसून पावसाची बातमी ऐकणारा शेतकरी त्याच वर्षी भेंडवळचा कौलही विचारीत असे, यात त्याला विसंगती वाटली नाही.

ती त्याला का वाटली नाही, याचा विचार केला पाहिजे. वेधशाळेचा अंदाज साऱ्या देशाचा असे. सरासरीच्या अमुक टक्के पाऊस होईल, हे वाक्य शास्त्रदृष्ट्या शुद्ध असले तरी जळगाव जामोदच्या शेतकऱ्यास त्यातून काय उमगणार? त्याला हवे असते ते निराळेच : जूनमध्ये पेरू की थांबू? तूर येईल की उडीद? आश्लेषा-मघात दडी बसेल काय? घटमांडणी नेमक्या याच प्रश्नांना महिनावार आणि पीकवार उत्तर देते. उत्तर खरे असो वा नसो, प्रश्न तिने बरोबर ओळखला आहे. जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला देण्याची व्यवस्था आपल्या देशात 2008 साली उभी राहिली. म्हणजे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत उतरावयास शास्त्राला 1886 पासून सव्वाशे वर्षे लागली!

परंतु प्रश्न बरोबर असला म्हणजे उत्तर बरोबर ठरत नाही. घागरीतून पाणी कसे झिरपले, रात्री वारा कोणत्या दिशेने वाहिला, मुंग्यांनी कोणता दाणा ओढला, यांवर ढेकळाची ओल आणि धान्याची जागा अवलंबून राहणार. सप्टेंबरच्या पावसाशी त्यांचे नाते जोडावयास कोणताही आधार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा आक्षेप घेत आले आहेत आणि तो योग्य आहे. शिवाय 'साधारण', 'लहरी', 'चांगला' असे शब्द कोणत्याही पावसाळ्यास लागू पडतात. ज्या वाक्यास खोटे ठरण्याची सोय नाही, त्यास खरे ठरण्याचा मानही देता येत नाही.

हा निकष मात्र वेधशाळेसही लावला पाहिजे. 1988 साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेली अंदाजाची पद्धत प्रचारात आणली. त्यानंतर बरीच वर्षे पाऊस सामान्य राहील असे सांगितले गेले आणि तो तसा राहिला. पण बहुतेक वर्षे सामान्यच असतात. अंदाजाची खरी परीक्षा वाईट वर्षी होते. 2002 साली सरासरीच्या 101 टक्के पावसाचा अंदाज होता. पडला 81 टक्के. जुलै महिना तर निम्म्यावर आला. जुलैत पाऊस दडी मारतो तेव्हा काय होते, ते वऱ्हाडच्या घराघरांस ठाऊक आहे. पहिल्या सरीवर टाकलेले बी करपते, दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणे घ्यावे लागते, आणि एका हंगामाचे कर्ज दोन हंगामांचे होते. हवामान खात्याने ती चूक झाकली नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले गेले, आणि 2003 साली पद्धती बदलण्यात आल्या.

वेधशाळेची थोरवी कोठे असेल तर ती या दोन आकड्यांच्या शेजारात आहे. भेंडवळच्या भाकितांची अशी वही साडेतीनशे वर्षे कोणी ठेवली असती, तर आज केवढे साधन हाती असते! भाकिते चुकली असती तरी त्या त्या वर्षी लोकांनी काय पेरले, कशाची आशा धरली, कशाचे भय बाळगले, याचा तो अमोल इतिहास ठरला असता. जवस, लाख, अंबाडी, भादली ही नावे त्या रिंगणात टिकून राहिली आहेत. वऱ्हाडच्या जुन्या शिवाराची तेवढी आठवण मांडणीने जपली, हेही थोडे नव्हे.

अक्षय्य तृतीयेच्या पहाटे त्या शेतात जमणारी माणसे भोळी आहेत म्हणून जमतात, असे समजणे हा शहरी अहंकार होईल. ती जमतात, कारण पेरणीचा निर्णय एकट्याने घेणे जड असते. तो भार हलका करणारा, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गावाच्या मापाचा आणि आपली चूक कबूल करणारा अंदाज ज्या दिवशी प्रत्येक बांधावर पोचेल, त्या दिवशी घटमांडणी केवळ एक सण म्हणून उरेल. तोवर घटास हसण्यापूर्वी शेतकऱ्याच्या प्रश्नास उत्तर देणे, हेच शास्त्राचे पहिले कर्तव्य होय.