मल्टिटास्किंग

एकाच काळात अनेक कामे हाताळण्याची पद्धत. साध्या एकल प्रोसेसरमध्ये क्षणाला एकच काम चालते. कामांची अदलाबदल मात्र इतकी झपाट्याने होते, की सारी एकदम चालल्यासारखी वाटतात.

१९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांनी सीटीएसएस ही वेळ-विभागणीची प्रणाली दाखवली आणि अनेकांना एकच संगणक वापरता येऊ लागला. मल्टिटास्किंगची सर्वांत थरारक कसोटी २० जुलै १९६९ रोजी लागली. अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना यानाच्या संगणकावर अतिरिक्त भार आला आणि ‘१२०२’ हा इशारा झळकला. संगणकाने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली, उतरण्याची गणिते चालू ठेवली. प्राधान्यक्रम आधीच आखून ठेवणाऱ्या अभियंत्यांचे हे श्रेय मोठेच.

माणसाचे तसे नाही. पोळ्या लाटताना गप्पा जमतात, कारण हात सरावलेले असतात. विचार मागणारी दोन कामे आलटून पालटून केली, तर प्रत्येक बदलाला वेळ जातो. मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी हे १९२७ मध्येच प्रयोगांनी दाखवले. वाहन चालवताना तर हा विलंब जिवावर बेततो. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात धरले आहे.