पिसूबाजार ते चोरबाजार

चार डॉलरना घेतलेल्या एका जुन्या चित्राने अमेरिकेतील जुन्या बाजारांची कीर्ती जगभर पोहोचवली. १९८९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील अ‍ॅडम्सटाऊनच्या बाजारात एका गृहस्थाने हे चित्र घेतले, ते केवळ त्याची चौकट आवडली म्हणून. घरी येऊन चौकट सुटी केली तेव्हा चित्रामागे घडी घातलेला एक कागद निघाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची ती १७७६ सालची छापील प्रत होती. १९९१ मध्ये लिलावात तिला २४ लाख २० हजार डॉलर मिळाले. पुढे २००० साली तीच प्रत ८१ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली.

असे घबाड लाखात एखाद्यालाच मिळते. तरीही पॅरिस, लंडन, माद्रिद, क्योतो, बीजिंग आणि आपली मुंबई अशा कितीतरी शहरांत लोक भल्या पहाटे उठून जुन्या बाजाराची वाट धरतात. कोणाला तुटलेल्या संचातील एक कपबशी हवी असते, कोणाला बंद पडलेले घड्याळ, तर कोणाला केवळ पाहण्याचा आनंद. या प्रत्येक वस्तूला पूर्वी कोणीतरी मालक होता. तो कोण आणि वस्तू त्याच्या हातून कशी सुटली, हा प्रश्न या बाजारांच्या जन्मापासून त्यांच्या सोबतीला आहे.

नावाचे मूळ पॅरिसमध्ये

जुन्या वस्तूंच्या बाजाराला इंग्रजीत 'फ्ली मार्केट', म्हणजे पिसवांचा बाजार म्हणतात. हे नाव फ्रेंच भाषेतून आले. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये हजारो चिंधीवाले रात्री कंदील, आकडा आणि पाठीवर टोपली घेऊन रस्त्यावरचा केर उपसत. चिंध्या, हाडे, काच, धातू असे जे मिळेल ते निवडून विकणे हाच त्यांचा धंदा. आपल्याकडचे रद्दीवाले, भंगारवाले आणि बोहारणी यांचेच हे भाऊबंद.

१८८३ साली पॅरिसचे प्रशासक यूजेन पूबेल यांनी प्रत्येक घरमालकाने केरासाठी झाकणाचा डबा ठेवावा, असा हुकूम काढला. शहर स्वच्छ झाले, पण चिंधीवाल्यांच्या पोटावर पाय आला. फ्रेंच भाषेत आजही केराच्या डब्याला 'पूबेल' असेच म्हणतात. शहरातून हुसकावले गेलेले हे लोक तटबंदीबाहेर, उत्तरेकडील सँतुआँ या वस्तीच्या आसपास स्थिरावले. तेथेच जमिनीवर फडकी अंथरून ते रविवारी आपला माल मांडू लागले. त्या मालातील गाद्या-कपड्यांत पिसवा असणारच, म्हणून लोकांनी नाव पाडले पिसूबाजार.

१८८५ हे या बाजाराचे जन्मवर्ष मानले जाते. १९२० मध्ये व्हेर्नेझों नावाच्या मालकाने आपल्या जागेवर गाळे बांधून भाड्याने दिले आणि फडक्यावरचा व्यापारी छपराखाली आला. आज सँतुआँत अशी डझनभर स्वतंत्र बाजारपेठ्यांची मिळून एक नगरीच उभी आहे. शनिवार, रविवार व सोमवार हे तिचे मुख्य दिवस. मात्र झुंबरे, आरसे आणि राजेशाही खुर्च्या यांच्या किमती आता सामान्यांच्या आवाक्यात राहिलेल्या नाहीत. खरेखुरे किडूकमिडूक पाहायचे असेल तर जाणकार पॅरिसच्या दक्षिणेकडील व्हाँव्ह येथील शनिवार-रविवारच्या बाजाराकडे बोट दाखवतात.

युरोपातील इतर पेठा

माद्रिदचा 'रास्त्रो' दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी भरतो. स्पॅनिशमध्ये रास्त्रो म्हणजे माग. येथे पूर्वी कत्तलखाने आणि कातडी कमावण्याचे कारखाने होते. जनावरे ओढून नेताना रक्ताचा माग उमटे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. मुख्य उताराच्या रस्त्याला आजही कातडी कमावणाऱ्यांचेच नाव आहे.

लिस्बनच्या बाजाराचे नाव तर मुंबईकरांना घरचेच वाटेल. 'फेरा दा लाद्रा' याचा सरळ अर्थ चोरटीची जत्रा. हा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. नावाचा संबंध चोराशी नसून जुन्या सामानातील किड्याशी आहे, असेही काहींचे म्हणणे आहे. म्हणजे तेथेही चोर आणि पिसू यांचाच वाद!

ब्रुसेल्सच्या मारोल भागातील चौकात १८७३ पासून जुना बाजार भरतो आणि तो रोज भरतो, हे त्याचे वैशिष्ट्य. 'टिनटिन'च्या वाचकांना हा बाजार परका वाटू नये. 'द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' या चित्रकथेत टिनटिनला जहाजाची प्रतिकृती मिळते ती येथेच.

लंडनमध्ये पोर्टोबेलो रस्त्यावरचा शनिवारचा बाजार पर्यटकांचा आवडता. १९९९ सालच्या 'नॉटिंग हिल' या चित्रपटाने त्याला आणखी प्रसिद्धी दिली. व्यापारी मात्र शुक्रवारी पहाटे बर्मंडसीला जातात. येथील बाजाराला एका जुन्या इंग्रजी कायद्याचे संरक्षण होते. ठरलेल्या खुल्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी ती खरेदीदाराचीच राही. मूळ मालकाला हात चोळत बसावे लागे. शतकानुशतके चाललेली ही तरतूद ब्रिटिश संसदेने १९९४ साली केलेल्या कायद्याने १९९५ पासून रद्द झाली.

इस्तंबूल, क्योतो, बीजिंग

इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागातील जुन्या सामानाच्या दुकानांनी एका कादंबरीला आणि एका संग्रहालयाला जन्म दिला. नोबेल पुरस्कार विजेते लेखक ओरहान पामुक यांनी येथील दुकानांतून मीठदाण्या, किल्ल्या, घड्याळे, छायाचित्रे अशा साध्यासुध्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांच्याभोवती गुंफलेली 'द म्युझियम ऑफ इनोसन्स' ही कादंबरी २००८ मध्ये आली आणि २०१२ मध्ये त्याच भागातील एका घरात त्याच नावाचे संग्रहालय उघडले. राजवाड्यातील रत्नजडित तलवारीइतकाच सामान्य कुटुंबाचा चहाचा पेलाही इतिहासाचा साक्षीदार असतो, हे त्यातून दिसते.

जपानमध्ये जुना बाजार आणि देवस्थान यांचे नाते घट्ट आहे. क्योतोच्या तोजी या बौद्ध मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. कोबो दाइशी या आचार्यांचा ८३५ साली झालेला मृत्यू जपानी पंचांगानुसार २१ तारखेचा. त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या मेळ्यातून हा बाजार वाढला. किमोनो, चिनी मातीची भांडी, लाकडी पेट्या यांच्या राशी तेथे लागतात. २५ तारखेला त्याच शहरातील कितानो तेन्मांगू देवस्थानाच्या आवारात दुसरा बाजार असतो. आपल्या यात्रांची आठवण यावी असेच हे दृश्य.

बीजिंगमध्ये छिंग राजवटीच्या अखेरच्या काळात पहाटेच्या अंधारात 'भुतांचे बाजार' भरत. पडझड झालेल्या घराण्यांतील मंडळी घरातील वस्तू कंदिलाच्या उजेडात गुपचूप विकत. चोरीचा मालही त्याच अंधारात खपे. १९९० च्या दशकात उभा राहिलेला पानजियायुआन बाजार ही त्या परंपरेची आधुनिक आवृत्ती. येथील बहुतांश माल नकली असतो, हे विकणारा जाणतो आणि घेणाराही. अस्सल ओळखण्याची जबाबदारी पूर्णपणे ग्राहकाची.

सात डॉलरचे रेन्वार

अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यातील ब्रिमफील्ड हे छोटेसे गाव १९५९ पासून जुन्या वस्तूंच्या मेळ्यासाठी ओळखले जाते. मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा तो भरतो. चार डॉलरच्या चित्राची गोष्ट अशा ठिकाणी हमखास ऐकायला मिळते. मात्र तिच्या जोडीला दुसरी गोष्टही ऐकली पाहिजे.

वेस्ट व्हर्जिनियातील बाजारात २००९ मध्ये सात डॉलरना घेतलेल्या खोक्यात आपल्याला फ्रेंच चित्रकार रेन्वार यांचे सीन नदीकाठचे छोटेसे चित्र मिळाले, असे एका महिलेने जाहीर केले. २०१२ मध्ये लिलाव ठरला, तेव्हा हे चित्र १९५१ साली बाल्टिमोरच्या कला संग्रहालयातून चोरीला गेल्याची कागदपत्रे सापडली. लिलाव थांबला. ते खरोखर बाजारातच घेतले होते का, याविषयीही शंका घेतली गेली. अखेर जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने चित्र संग्रहालयाला परत देण्याचा आदेश दिला. चोरीच्या वस्तूवर साठ वर्षांनंतरही मालकी मिळत नाही, हा त्या निकालाचा धडा.

आपला चोरबाजार आणि कायदा

मुंबईत भेंडी बाजारालगतच्या मटण स्ट्रीटवरील चोरबाजार हा जगातील या मोठ्या कुटुंबातील आपला सदस्य. मूळ शब्द 'शोरबाजार', इंग्रजांच्या उच्चारामुळे तो 'चोर' झाला, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. हिंदी चित्रपटांची जुनी पोस्टर्स, जहाजांवरील दिवे, इराणी हॉटेलांतील खुर्च्या, पितळी समया आणि अडकित्ते यांनी येथील दुकाने भरलेली असतात. पुण्यातील बुधवार-रविवारचा जुना बाजारही त्याच जातकुळीचा. कर्णा लावलेला ग्रामोफोन मात्र डोळे झाकून घेऊ नये. नवे-जुने भाग जुळवून तयार केलेले आणि प्रसिद्ध कंपनीची पट्टी डकवलेले असंख्य ग्रामोफोन बाजारात आहेत.

याच गल्ल्यांतून आणि खेड्यापाड्यांतील देवळांतून आपला वारसा परदेशी गेला, हेही विसरता येत नाही. त्याला आळा घालण्यासाठी १९७२ साली पुरावस्तू व कलानिधीविषयक कायदा झाला आणि १९७६ पासून तो अमलात आला. शंभर वर्षे वा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे किंवा कलावस्तू या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तिदंताची वस्तू कितीही जुनी असो, तिचा व्यापार भारतात बेकायदा आहे.

जाण्यापूर्वी हे ध्यानात ठेवा

१. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला सामान्यतः 'अँटिक' म्हणतात, तर काही दशके जुन्या वस्तूला 'व्हिंटेज'. विक्रेते हे शब्द सैलपणे वापरतात, म्हणून काळ विचारून घ्यावा.

२. उत्तम माल पहाटे निघतो, तर बाजार उठण्याच्या वेळी भाव उतरतात.

३. वस्तू उलटून पाहावी. तळ, मागची बाजू, खिळे आणि स्क्रू खोटे बोलत नाहीत. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर तो बहुधा लावलेला असतो.

४. घासाघीस करावी, पण विक्रेत्याचा पाणउतारा करू नये.

५. वस्तू कोठून आली हे विचारावे आणि पावती घ्यावी. देवाच्या मूर्तीबाबत उत्तर टाळले गेले, तर सरळ पुढे निघावे.

चिंधीवाल्यांनी फडक्यावर मांडलेला पसारा आज अनेक शहरांचे भूषण झाला आहे. जुनी वस्तू पुन्हा वापरात येते, कारागिराचे हात आठवतात आणि गरिबालाही स्वस्तात संसार उभा करता येतो, हे या बाजारांचे खरे मोल. तेथून घरी आणलेल्या वस्तूची हकिकत पाहुण्यांना निःसंकोचपणे सांगता आली, म्हणजे सौदा चांगला झाला असे समजावे.