दांडपट्ट्याचं कूळ

केदारखेड्याच्या पोरांना सिनेमांमुळे जपानी कताना ठाऊक आहे. दांडपट्टा दिसतो तो शिवजयंतीच्या मिरवणुकीत, तेवढ्यापुरता. तलवार शिकण्याची हौस असेल, तर या घरच्या शस्त्राचं कूळ जाणून घ्यायलाच हवं.

कताना दोन्ही हातांनी धरायची. एका बाजूला धार, पात्याला किंचित बाक, मनगटं मोकळी. पट्ट्याचं पातं सरळ, लवचिक आणि दुधारी. मूठ आडवी, आणि तिच्यावर कोपराकडे जाणारा लोखंडी खोबळा. त्यात हात घातला की मनगट जखडतं. मग वार खांद्यातून, कमरेतून, पायांतून काढावा लागतो. पट्टेकरी गरगर फिरतो ते दिखाव्यासाठी नव्हे. त्या मुठीला दुसरी चालच नाही. ही आडवी मूठ कट्यारीकडून आली, असं जाणकार मानतात. पाती मात्र पुष्कळदा फिरंगी असत, समुद्रमार्गे आलेली आणि इथल्या मुठींना जडवलेली.

प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी जिवा महालांनी शिवरायांवर चालून आलेल्या सय्यद बंडाचा हात उडवला. लोकांच्या आठवणीत तो वार पट्ट्याचाच आहे. पुढे रणांगण बदललं. आपल्याच जालना जिल्ह्यात, असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले इंग्रज सेनापती वेलस्लीशी भिडले, तेव्हा मराठ्यांची भिस्त तोफांवर आणि कवायती पायदळावर होती.

मग कायदे आले. जपानात १८७६ च्या फर्मानानं सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी झाली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा आला. दोन्हीकडे विद्या तालमीत टिकली. तिकडे कातोरी शिंतो-र्यूसारखं पंधराव्या शतकातलं घराणं आजही लाकडी तलवारीनं, जोडीनं, ठरलेले डाव घोटून घेतं. इकडे कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जपला. तिथे आधी लाठी फिरवायची, पवित्रे पक्के करायचे. पट्टा हातात येतो तो नंतर. तळहातावरचं लिंबू कापायचं आणि कातडीला ओरखडा उठू द्यायचा नाही, इथवर पोचायला वर्षं जातात.

फरक एवढाच, की जपानी घराण्यांनी आपले डाव नावानिशी गुंडाळ्यांवर उतरवून ठेवले. आपल्या वस्तादांचे बरेचसे डाव त्यांच्या अंगातच राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र ठरला. आता हे डाव वस्तादांकडून, त्यांच्या हयातीतच, पवित्र्यांसकट लिहून आणि चित्रित करून घ्यायला हवेत. आणि गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर, केदारखेड्यातसुद्धा, लाठीपासून शिकवायला सुरुवात व्हायला हवी.