लातूरचा खटला आणि माझी खाला

1966 साली हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. तीस वर्षांनी आमच्या नांदेडला खालाने पोटगीचा दावा लावला, तेव्हा नवऱ्याने कोर्टात फक्त लिहून दिलं, 'तलाक दिलेला आहे.' कधी, कुणासमोर, कशासाठी, कुणी विचारलं नाही. शाहबानो निकालाने 1985ला उघडलेलं दार 1986च्या कायद्याने लोटून घेतलं होतं. इद्दतीपुरता खर्च, मग माहेर.

लातूरच्या एका जोडप्याचा असाच खटला औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींपुढे गेला. 2 मे 2002चा निकाल: नुसतं लिहून दिल्याने तलाक होत नाही. योग्य कारण होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला, हे नवऱ्याने सिद्ध करावं. आधार कुराणाचाच. (ती आयत पाठ असणारे आमच्या मोहल्ल्यातही होतेच!) सुप्रीम कोर्टाने तेच ऑक्टोबरमध्ये सांगितलं; मराठवाडा पाच महिने पुढे.

2019च्या कायद्याने तिहेरी तलाकला तीन वर्षांपर्यंत कैद आणली. मला ती पटत नाही. नवरा आत, मग पोटगी कोण देणार?

लातूरचा निकाल मी खालाला वाचून दाखवला. तिने विचारलं, "मग माझी तारीख पुन्हा लागेल का?"